करंगळीचा करार

हमीदा त्या दुपारी ताडदेवच्या स्टुडिओत आली ती नेहमीसारखी कोरसमध्ये उभी राहायला. पर्समध्ये ज्येष्ठमध, पिशवीत चहाचा थर्मास. तबकडीवर गाणाऱ्यांची नावं छापतात, कोरसवाल्यांची नाही. उभा जन्म कोरसमध्ये गेला, तरी त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं ती सांगे. खोटं सांगे.

मुख्य गायिका तापाने आडवी झाली होती. शूटिंगचा सेट लागलेला, गाणं आजच हवं. संगीतकार रतनसाहेबांनी कोरसच्या रांगेवरून नजर फिरवली.

"हमीदा, तू गा. जमलं तर तबकडीवर तुझं नाव. नाही जमलं तर दुसरी बोलावतो."

गाणं अवघड नव्हतं. शेवटचा सूर मात्र वरचा आणि लांबलचक, छाती रिकामी करणारा. पहिल्यांदा तो मध्येच तुटला. दुसऱ्यांदाही. प्रत्येक वेळी सगळ्या वाजवणाऱ्यांना पहिल्यापासून वाजवावं लागलं.

"आपा, सायकलचा पंप आणू का?" व्हायोलिनवाल्यांतून कुणीतरी म्हणालं. हसू पिकलं.

"एकदाच आता," रतनसाहेब म्हणाले. ते हसले नाहीत.

पिएदाद असती तर... गोव्याची पिएदाद. कोरसमध्ये कायम हमीदाच्या डाव्या हाताला उभी राहायची, रुमालाला नीलगिरीचं तेल लावून. हमीदाच्या थर्मासातला अर्धा चहा तिचा. लांब सुरासाठी दोघींचा करार होता. जिला श्वास हवा, तिने दुसरीची करंगळी दाबायची. मग दुसरीने सूर धरायचा, आणि पहिलीची छाती भरेपर्यंत सोडायचा नाही. ऐकणाऱ्याला फट सापडत नसे. गेल्या वर्षी पिएदाद गेली. छातीत पाणी झालं होतं. शेवटी श्वासच पुरला नाही.

तिसऱ्यांदा तो सूर आला. हमीदाची छाती रिकामी झाली आणि तिने सवयीने डावी करंगळी हवेतच दाबली. शेजारी कुणी नव्हतं. तिने श्वास घेतला. संपलं, तिला वाटलं.

"ओके!" रतनसाहेब ओरडले. "वा, हमीदा! तबकडीवर नाव तुझंच!"

काचेआडच्या केबिनमध्ये रेकॉर्डिस्ट केरसी मात्र टेप मागे फिरवत होता. त्याने तिला आत बोलावलं आणि टेप लावली. सूर अखंड होता.

"इथे तू श्वास घेतलास, डिकरी. मी डोळ्यांनी बघितलं."

"मग सूर...?"

"इको रूममधून आला." केरसीने कपाळ पुसलं. "तुझा आवाज तिकडच्या स्पीकरमधून सोडतो, घुमला की माइकने परत घेतो. पण घुमलेला आवाज विरतो गं. हा विरला नाही... खोलीत तर माणूस नाही."

हमीदाने थर्मास उचलला.

"कुठे चाललीस?"

"चहा द्यायला."

इको रूम बोळाच्या टोकाला होती. ओक्याबोक्या भिंती, एक स्पीकर, एक माइक. आत पाऊल टाकलं तर नीलगिरीचा वास. भीती वाटायला हवी होती. तिचे डोळे भरून आले.

"पिएदाद," ती हळूच म्हणाली, आणि तिचाच आवाज भिंतींवरून परत आला. "आज माझी लाज राखलीस. तुझं कसं फेडू गं?"

तिने कपात चहा ओतून जमिनीवर ठेवला.

तेवढ्यात तिची डावी करंगळी दाबली गेली. गार... ओलसर.

करार तो करार. हमीदाने तिथेच सूर धरला. आनंदाने धरला. कानाशी कुणीतरी श्वास आत घेऊ लागलं. वर्षभर कोंडलेल्या माणसासारखं घेऊ लागलं... घेतच राहिलं. कपातल्या चहाची वाफ त्या बाजूला ओढली जात होती. हमीदाची छाती रिकामी होत आली. सूर थरथरला.

आता आपल्याला श्वास हवा, म्हणून तिने ती गार करंगळी दाबली.

उलट दाब आला. आणखी घट्ट.