कुठेही चालेल

“कुठेही चालेल,” असं तोमोयाचं उत्तर मोबाइलवर आलं आणि मिनाएच्या डोक्यात सणक गेली. नवऱ्याला, कोसुकेला, विचारलं तर तो सूपच्या वाटीतून तोंड वर न काढता म्हणाला, “तुला बरं वाटेल ते ठरव.” दोघांच्या बोलण्याचा अर्थ एकच. ठरवायचं मिनाएने, आणि मग बर्फ दगडासारखा निघाला, लिफ्टपुढे रांग लागली, की खापर फोडायलाही मिनाएचंच डोकं.

तसं काम मोठं नव्हतं. ओमियाहून पहाटे गाडी काढायची, दिवसभर कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरावर स्नोबोर्डवरून घसरायचं, गरम पाण्यात डुंबायचं आणि घरी यायचं. पण तोमोया, तिचा धाकटा भाऊ, एप्रिलमध्ये बदलून ओकिनावाला चालला होता. तिथे बर्फ सापडतो तो सरबतात. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याचे डबे, त्याच्या फिया, त्याचा पहिला बोर्ड, सगळं मिनाएने केलं होतं. दोघांचा हा शेवटचा हिवाळा नीट पार पडावा एवढंच तिला हवं होतं, आणि त्यावर त्या गाढवाचं उत्तर काय, तर कुठेही चालेल.

मिनाए चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. नीट बघणं हा तिचा धंदा होता आणि स्वभावही. रोज संध्याकाळी दुकानातून आली की ती एकेका डोंगराचं पान उघडून बसायची: बर्फ किती पडला, वारा कसा आहे, आणि शेवटी उताराच्या पायथ्याशी लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र. हे चित्र हलत नाही. थोड्या थोड्या वेळाने जुनं जातं, नवं येतं.

शिराबुनाच्या चित्रात तिला तो माणूस पहिल्यांदा दिसला. सगळे उताराकडे तोंड करून होते, हा एकटा कॅमेऱ्याकडे. अंगात भाड्याचे हळदी रंगाचे कपडे, छातीवर पांढरा चौकोन आणि त्यात काहीतरी आकडा. एक हात चेहऱ्यासमोर धरलेला. गॉगल पुसत असेल, असं म्हणून तिने पान मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिने होशिझावाचं पान उघडलं. तो डोंगर पार दुसऱ्या प्रांतात. तिथेही हळदी कपडे, पांढरा चौकोन, चेहऱ्यासमोर हात. तिने शिराबुनाचं चित्र पुन्हा काढलं. तिथे तो होताच.

रविवारी तोमोया जेवायला आला तेव्हा तिने दोघांपुढे मोबाइल धरला.

“भाड्याचे कपडे सगळीकडे सारखेच असतात,” कोसुके म्हणाला. “आणि हा ‘नको’ म्हणतोय. बघ ना, हात नाकासमोर उभा आहे. असा हलवत असणार.” त्याने स्वतःच्या नाकासमोर हात उभा धरून पंख्यासारखा हलवून दाखवला.

“छे हो भावोजी,” तोमोया म्हणाला. “‘ये’ म्हणतोय. हात पालथा आहे, बोटं खाली. ताई शाळेच्या फाटकाशी उभी राहून मला असंच बोलवायची. सगळ्या पोरांसमोर. लाजेने मरायचो मी.”

“लाजायचास ना? पण धावत यायचास,” मिनाए म्हणाली.

“हो तर. तू बोलावलंस आणि आलो नाही, असं झालंय कधी?”

हलत्या हाताचं थांबलेलं चित्र. हात उभा की पालथा, मिनाएच्या नजरेलाही ठरवता येईना. ते दोघे हसत राहिले. तिला मात्र या हसण्याचा राग आला. एकच माणूस दोन डोंगरांवर एका वेळी उभा कसा, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

मग तिने रागारागात कुरोमोरीचं पान उघडलं. लहान डोंगर, तीन लिफ्ट, नाव फारसं कुणी घेत नाही. चित्रात पायथ्याचं पांढरं मैदान, डावीकडे झाडी, झाडीपुढे नारिंगी दोरी. माणूस नाही. तिने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बघितलं. हळदी रंगाचं काहीच नाही.

“कुरोमोरी,” तिने जाहीर केलं.

“कुठेही चालेल,” दोघं म्हणाले.

निघण्याच्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. मिनाएच्या कपड्यांची पिशवी गाडीत ठेवण्याचं काम कोसुकेचं होतं. कुरोमोरीच्या गाडीतळावर मागचं दार उघडलं, तेव्हा पिशवी घरी चपलांशेजारी राहिलेली होती.

“एक काम सांगितलं होतं तुला,” मिनाए म्हणाली. “एक.”

“भाड्याने मिळतात की.”

भाड्याच्या खिडकीतल्या बाईंनी तिच्याकडे एक नजर टाकली, मागे गेल्या आणि हळदी रंगाचा जोड घेऊन आल्या. छातीवर पांढऱ्या चौकोनात एक्केचाळीस आकडा.

“दुसरा रंग नाही का?”

“आज गर्दी आहे हो. तुमच्या मापाचा एवढाच उरलाय.”

मिनाए गाडीत बसून राहायलाही तयार होती. पण मागे रांग होती, कोसुके “रंगात काय आहे” म्हणत होता, आणि तोमोया बोर्ड बगलेत मारून लिफ्टकडे बघत होता, लहानपणी बघायचा तसा. तिने कपडे चढवले. ते आतून किंचित उबदार होते. आत्ताच कुणीतरी काढून ठेवले असावेत, तसे.

सकाळ मात्र छान गेली. रात्री भरपूर बर्फ पडला होता, आणि आता ऊन. तिने फक्त एक पथ्य पाळलं. उपाहारगृहासमोर कॅमेऱ्याचा खांब होता, त्याच्यापुढून ती एकदाही गेली नाही. दरवेळी मागून वळसा. तोमोयाच्या ते लक्षात आलं. “कॅमेऱ्याला घाबरतेस काय गं, म्हातारे?” म्हणून त्याने चिडवलं आणि कॅमेऱ्याचं पान स्वतःच्या मोबाइलवर उघडून ठेवलं. “बघू, कधी सापडतेस.”

दुपारी जेवताना भोंग्यावरून सूचना झाली. ऊन वाढल्यामुळे डावीकडची झाडी बंद केली आहे, बर्फ घसरण्याचा धोका आहे, दोरी ओलांडू नये.

“ऐकलंस?” मिनाए म्हणाली.

“सगळ्यात चांगला बर्फ तिथेच आहे,” तोमोया म्हणाला.

“तोमोया.”

“बघून येतो, एवढंच. दोरीच्या अलीकडून.”

“नाही म्हटलं ना. तुला कळत नाही आणि सांगितलेलं ऐकतही नाहीस.”

त्याने जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. “शाळा तू ठरवलीस. नोकरीचा अर्जही तूच भरलास. आज डोंगरही तुझाच. मी ‘कुठेही चालेल’ का म्हणतो, ठाऊक आहे? तुझ्यापुढे दुसरं काही चालतच नाही म्हणून.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांचे डबे त्या आगीत आले, कोसुकेची विसरलेली पिशवी आली, कॅमेऱ्यापुढचा तो माणूस आला. “मग जा,” ती म्हणाली. “कुठेही जा. माझ्या मागे यायची गरज नाही.”

तो उठला. दारातून म्हणाला, “फोन करू नकोस. मेसेजही बघणार नाही मी.” रागावला की तो असंच करायचा. दिवस दिवस तिचे मेसेज उघडायचा नाही.

कोसुके वाटीत बघत बसला होता. “येईल थोड्या वेळाने,” तो म्हणाला, आणि टॉवेल घेऊन गरम पाण्याच्या हौदाकडे निघून गेला. त्याचं हे नेहमीचंच. भांडण झालं की त्याला आंघोळ आठवायची.

मिनाए खिडकीकडे पाठ करून बसली. चहा निवला. राग मात्र निवेना. आपण बोललो ते चूक होतं हे तिला कळत होतं, आणि त्यामुळे तो आणखीच चढत होता. बाहेर ऊन गेलं, डोंगरावरून धुकं खाली आलं.

मोबाइल वाजला. तोमोयाचा मेसेज.

“दिसलीस कॅमेऱ्यात. पुरे झालं ताई, नको इतकं बोलावू. झाडीतून सरळ उतरतो, तुझ्यासमोरच निघेन.”

तिने दोनदा वाचला. मग वळून खिडकीबाहेर बघितलं.

खांबाखाली कुणी नव्हतं. तिथल्या बर्फावर पावलाचा ठसासुद्धा नव्हता.

“ती मी नाही. येऊ नकोस,” तिने लिहिलं. मेसेज गेला. वाचल्याची खूण उमटली नाही. तिने पुन्हा लिहिलं. फोन लावला. घंटी वाजत राहिली.

ती हातमोजे तिथेच टाकून बाहेर धावली. लिफ्टपाशी गस्तीवाला उभा होता.

“माझा भाऊ झाडीतून उतरतोय. निळं जाकीट. थांबवा त्याला.”

“दोरीपलीकडे?” त्याने वर बघितलं. वर धुक्याशिवाय काही नव्हतं. तो वायरलेसवर भराभरा बोलू लागला. बोलताना त्याने एकदा तिच्या छातीवरच्या आकड्याकडे बघितलं. “पण बाई, तुम्ही मघापासून तिकडेच उभ्या होतात ना?” त्याने खांबाकडे बोट केलं. “मला वाटलं, कुणाला तरी बोलावताय.”

तिने पुन्हा मोबाइल बघितला.

तोमोया मेसेज वाचत नव्हता. फोन घेत नव्हता. एकच गोष्ट तो बघत होता.

ती खांबाकडे धावली. बर्फात गुडघ्यापर्यंत रुतत ती कॅमेऱ्यापुढे गेली, त्याच्याकडे तोंड केलं, आणि उजवा हात नाकासमोर उभा धरून हलवू लागली. नको. नको. येऊ नकोस.

“नको म्हणतेय ना, मूर्खा,” ती ओरडली. “एकदा तरी ऐक माझं.”

हात हलवता हलवता तिला कळलं. हळदी कपडे. पांढरा चौकोन. चेहऱ्यासमोर हात. सगळे उताराकडे तोंड करून, ती एकटी कॅमेऱ्याकडे.

म्हणजे कोसुके बरोबर होता. तो हात ‘नको’च म्हणत होता.

या विचाराने तिला एवढा धीर आला की रडू फुटलं. मग तोमोयालाही ‘नको’च दिसेल. थांबेल तो. चिडेल, शिव्या घालेल, पण वरच थांबेल.

उजवा हात तसाच ठेवून तिने डाव्या हाताने मोबाइल काढला. कुरोमोरीचं पान उघडलं. जुनं चित्र होतं, रिकामं. ती वाट बघत राहिली.

वर कुठेतरी, धुक्याच्या आत, एक जड आवाज झाला. जाड गादी जमिनीवर पडावी तसा.

गस्तीवाला बोलायचा थांबला.

चित्र बदललं.

खांबापुढे ती उभी होती. एक्केचाळीस आकडा स्पष्ट दिसत होता. चेहरा झाकलेला नव्हता, आणि त्यावर शाळेच्या फाटकाशी असायचं ते हसू होतं. उजवा हात पुढे केलेला होता, पालथा, बोटं आत वळलेली. मागे, दोरीपलीकडच्या झाडीत, एक निळा ठिपका तिच्या दिशेने वळला होता.

मिनाएने मोबाइलवरून नजर काढून आपल्या हाताकडे बघितलं. तो अजून नाकासमोर उभाच होता.