तीनशे चौथी पिढी

चार दिवसांच्या तापात हेमांगी लोटलीकरची वास घेण्याची शक्ती गेली, त्याला आता दहा महिने झाले होते. नाक चेहऱ्यावर जागच्या जागी होतं, त्याला काही कळत तेवढं नव्हतं. दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर त्यानं चार लोकांना सांगून सहानुभूती मिळवली असती. पण हेमांगी साताऱ्याच्या किण्वशाळेची मुख्य आस्वादक होती. गवयानं आपलं बहिरेपण जाहीर करावं, तसलं ते झालं असतं. ती गप्प राहिली.

किण्वशाळा म्हणजे नव्या बिअर घडवणारी प्रयोगशाळा. तिच्या तापाच्या सुमारासच तिथं एक निवडशिडी सुरू झाली होती. चौसष्ट शीघ्रकुंभ, म्हणजे वीस तासांत बिअर आंबवून तयार करणाऱ्या बाटलीएवढ्या टाक्या. रोज सकाळी दहाला हेमांगीपुढे चौसष्ट पेले यायचे. ती एक निवडायची. त्या पेल्यातलं यीस्ट पुढच्या चौसष्ट कुंभांना विरजण म्हणून जायचं, प्रत्येक कुंभात जरासं वेगळं बदलायचं, आणि बाकीचे त्रेसष्ट पेले मोरीत. एका दिवसाला एक पिढी. शिडीवर जीभ एकाच माणसाची हवी, बाकीच्यांनी पेल्याला तोंड लावायचं नाही आणि मतही द्यायचं नाही, हा नियम तिचाच होता.

सुरुवातीचे महिने तिनं नुसत्या रुबाबावर काढले. फेस बघायचा, घोट जिभेवर घोळवायचा, "हा" म्हणून बोट दाखवायचं. मग दोनशेव्या पिढीच्या सुमारास एका सकाळी बिअर चक्क चवदार लागली. नंतर रोज अधिकच. जिभेवर मिऱ्यासारखी चुरचुर, टाळूला गारवा, मागून आंबूस ओढ. वास परत येतोय, असं वाटून ती मोरीपाशी उभी राहून रडली होती. घरच्या जेवणाला अजून चव नव्हती, पण त्याकडे तिनं काणाडोळा केला.

आज तीनशे चौथ्या पिढीची परीक्षा होती. दुपारी बाहेरचे बारा परीक्षक येणार होते. सकाळपासून हेमांगीचा पाय एका जागी ठरत नव्हता. ती कुंभांपाशी जायची, परत यायची, पुसलेले पेले पुन्हा पुसायची.

"ताई, बसा की घटकाभर," यीस्टतज्ज्ञ डॉ. प्रल्हाद शिर्के स्वयंपाकघरातून म्हणाला. पाहुण्यांसाठी तो याच बिअरमध्ये मटण शिजवत होता. "रस्सा तरी चाखून बघा."

तिनं चाखला आणि तिचा चेहरा उजळला. "अरे, हुबेहूब पेल्यातल्यासारखा! शेवटी किती बिअर ओतलीस?"

"शेवटी कुठली? सुरुवातीलाच घातली सगळी. दोन तास रटरटतंय."

हेमांगीनं वाटी खाली ठेवली. बिअर उकळली की तिचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो, म्हणून जाणता स्वयंपाकी शेवटी पुन्हा एक धार सोडतो, हे तिनंच प्रल्हादला शिकवलं होतं. दोन तासांनी पातेल्यात उरतं ते फक्त जिभेचं. कडू, आंबट, झोंबणारं. आणि तिला तर पेल्यापेक्षा काहीच कमी लागलं नव्हतं.

तिनं फळीवरची हिंगाची डबी उघडली, नाकाशी धरून जोरात हुंगली. काही नाही.

"प्रल्हाद, या बिअरला वास कसा येतो?"

तो घुटमळला. "खरं सांगू? ओल्या गोणपाटासारखा. तीन-चार महिने झाले. आज तर खिडक्या उघडाव्या लागल्या. म्हटलं, ताईंना हवा असेल. नियम तुमचा, मी कशाला तोंड उघडू?"

"मला वास येत नाही. ताप आला तेव्हापासून."

प्रल्हादनं गॅस बंद केला आणि स्टुलावर बसला. "तरीच. यीस्टला चांगलं-वाईट कळत नाही, ताई. उद्याचं विरजण कोणाचं लागलं, एवढाच त्याचा हिशेब. सुगंध देणाऱ्यांकडे तुम्ही बघितलंच नाही, ते मोरीत गेले. जिभेला चाळवणारे उरले. दर पिढीला थोडे जास्त."

"म्हणजे मी बरी झालेच नाही."

"नाही. तुम्ही होता तिथंच आहात. यीस्ट तुमच्यापर्यंत चालत आलं."

तिला त्या क्षणी फार एकटं वाटलं.

दुपारी बारांपैकी अकरा परीक्षकांनी पेला नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "घाणा बिघडलाय," त्यांचे प्रमुख म्हणाले. "यीस्टसकट ओतून टाका."

हेमांगीनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. बिघडलेलं यीस्ट मोरीत आणि तिचं गुपित तिच्यापाशी! ती मान हलवणारच होती.

"ओतताय कशाला? मला अजून एक द्या," टेबलाच्या टोकाचे म्हातारे गृहस्थ म्हणाले. हे भार्गव वर्तक, निवृत्त मास्तर. बाराव्या परीक्षकाला ऐनवेळी जमलं नाही, म्हणून त्यानं आपल्या सासऱ्यांना धाडलं होतं. "स्कूटरवरून डोक्यावर पडलो त्याला अठरा वर्षं झाली. वास गेला तो गेलाच. तेव्हापासून जेवण म्हणजे कागद चावल्यासारखं. आज काहीतरी लागलं हो."

त्यांनी रिकामा पेला पुढे केला. हेमांगी उभी राहिली. "ओतू नका. ही बिअर बिघडलेली नाही. मलाही वास येत नाही, दहा महिने," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

किण्वशाळेच्या मालकीणबाई आधी भडकल्या, मग विचारात पडल्या. म्हातारपणी, आजारानं वास गेलेली माणसं काही थोडीथोडकी नव्हती, आणि त्यांच्यासाठी निवड करणारी जीभ दुसरी कुठून आणायची? हेमांगीची नोकरी टिकली. पंधरवड्यानं पहिल्या बाटल्या वर्तकांकडे गेल्या. त्यांनी कळवलं की लेक त्यातच मटण शिजवते आणि आपण आता दोनदा वाढून घेतो.

शिडीवर जाण्याआधी हिंगाची डबी हुंगायची, ही हेमांगीची सवय होऊन बसली. तीनशे एकतिसाव्या पिढीच्या सकाळी तिनं डबी उघडली आणि हिंगाचा दर्प थेट डोक्यात गेला. डबी छातीशी धरून ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिला हसू आवरेना.

तेवढ्यात प्रल्हाद पेले घेऊन आला. ओलं गोणपाट, चौसष्ट पट! ती झटकन मागं सरली.

प्रल्हादनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तबक खाली ठेवलं. "ताई, वास आला?"

तिनं मान डोलावली. डोळे भरून आले होते.

"मग आता शिडीचं काय?" त्यानं हळूच विचारलं. "मास्तरांचं काय?"

हेमांगीनं डाव्या हाताच्या चिमटीत नाक घट्ट दाबलं आणि पहिला पेला उचलला.