लठ्ठंभारतीच्या पोटातली टकटक

खोटं वाटेल, पण यात पदरचं काही घातलेलं नाही. माझे मामा-मामी दोघंही आहेत, मामाला खुशाल विचारा. मामीला मात्र विचारू नका. विषय निघाला की ती उठून आत जाते.

मध्यरात्र वगैरे काही नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती, आणि जागा म्हणजे मामाच्या घरामागची पत्र्याची शेड.

मामाचं चष्म्यांचं दुकान. आठवडाभर नाजूक काड्या आणि बारीक स्क्रू. रविवार उजाडला की हा माणूस बांधकामावरची जुनी यंत्रं घेऊन बसायचा. पाणी उपसायचा पंप, माती ठोकायचं यंत्र, जे मिळेल ते भंगारातून उचलायचं, गंज घासायचा, रंग द्यायचा, चालू करायचं. विकायचं मात्र नाही. मामी त्या शेडला 'माझ्या सवतींचा संसार' म्हणायची.

मग आला काँक्रीट कालवायचा मिक्सर. हँडल मारून चालू होणारा. इंजिन लागलं की ड्रम लगेच गरगर फिरायला लागायचा. त्याचं ते पोट बघून मामीनेच त्याला नाव ठेवलं, लठ्ठंभारती.

देताना भंगारवाला म्हणाला होता, "साहेब, हँडल मारण्याआधी ड्रमवर ठोकायचं. आत माणूस असतो."

"आत?"

"वाळलेलं सिमेंट खरवडायला उतरतो ना. आतून ठोकलं तर थांबायचं."

"माझ्या शेडमध्ये कोण उतरतंय?" मामा हसला.

भंगारवाला हसला नाही. "तरी ठोकत जा," एवढंच म्हणाला.

दुरुस्ती झाली. पहिल्यांदा चालू करताना मामाने गंमत म्हणून ठोकलं.

टक टक.

क्षणभर शांतता...

टक टक.

आतून.

ड्रमचं तोंड भिंतीकडे होतं. तो बॅटरी घेऊन मागे गेला, वाकला, आत उजेड पाडला.

आत कुणी नव्हतं.

"ढवळायची पाती असतात ना आत, त्यातलं एखादं सैल असेल," त्याने मामीला सांगितलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. सुरुवातीला तो दर वेळी वाकून बघायचा. मग बघणं सोडलं. माणसाला कशाचीही सवय होते. ठोकायचं, आतली टकटक ऐकायची, हँडल मारायचं.

मामीला मात्र तो आवाज नकोसा झाला होता.

"अहो, ते पातं एकदाचं आवळा हो. काटा येतो अंगावर."

"आवळतो गं."

हे 'आवळतो' किती खरं असतं ते बायकांना चांगलं ठाऊक असतं. त्या रविवारी जेवून मामा आडवा झाला. मामीने पाना उचलला आणि शेड गाठली. अंगाने किरकोळच ती. ड्रमच्या तोंडातून सहज आत शिरली.

मामा उठला तर घरात मामी नाही. शेजारी गप्पांना बसली असेल, तिथून तिला उठवायला क्रेनच लागते, असं पुटपुटत तो शेडमध्ये आला. हँडल बसवलं. ड्रमवर ठोकलं.

टक टक.

वाट पाहिली...

काहीच नाही.

पुन्हा ठोकलं.

काहीच नाही...

खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मामाने ड्रमला कान लावला. दर रविवारी येणारा आवाज आज कुठे गेला?

हँडल तसंच सोडून तो मागे गेला. आत वाकला.

मामी आत होती.

गुडघे छातीशी. डोळे विस्फारलेले. तोंड उघडं, पण आवाज नाही.

मामाने तिला कशीबशी बाहेर ओढली. तो लहान मुलासारखा रडत होता. बऱ्याच वेळाने मामीला कंठ फुटला.

"तुम्ही ठोकलंत ते ऐकलं हो मी... उलट ठोकायला हात उचलला, तर कुणीतरी मनगटं धरली. दोन्ही. ओरडायला गेले, आवाजच फुटेना."

"अगं, आत कोण असणार?"

"आणि पाती..." ती म्हणाली, "सगळी घट्ट आहेत. एकही सैल नाही."

मामाने तिचे हात हातात घेतले. दोन्ही मनगटांवर बोटं उमटली होती.

ओल्या सिमेंटची.

मामाने त्या मिक्सरमध्ये कधी मूठभरही सिमेंट कालवलं नव्हतं.

लठ्ठंभारती अजून शेडमध्येच आहे. इंजिन काढून टाकलंय. भंगारवाला फुकटही परत न्यायला तयार नाही.

मामा म्हणतो, जे कोणी आत होतं त्याने मामीला वाचवलं. गप्प राहून मला सावध केलं. मी मान डोलावतो. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच दिलासा.

पण झोपताना माझ्या मनात वेगळंच येतं. नेहमीसारखी टकटक आली असती, तर मामाने बेधडक हँडल मारलं असतं.

ती आली नाही...

कारण ठोकणाऱ्याचे दोन्ही हात त्या दिवशी मोकळे नव्हते.