शेवटच्या पेटीतला रेझिस्टर

समुद्राचं पाणी गोडं होऊन नळाला येतं, याचं किनाऱ्यावर आता कुणालाच अप्रूप राहिलं नव्हतं. नळ कोरडा पडला की तेवढी बोंब व्हायची. हल्ली ती वरचेवर होऊ लागली, म्हणून तंत्रज्ञ चारुशीला तेरसे खाडीकाठच्या त्या केंद्रावर आली.

केंद्रात चालक नव्हता. पंप, झडपा, टाक्या यांच्यावर बसवलेली शिकाऊ मॉड्यूल आपापसांत बोलून कारभार चालवत आणि अनुभवाने शहाणी होत. बोलणं व्हायचं एका पिळाच्या जोडतारेवरून. ती एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी थेट धक्क्यावरच्या पंपापर्यंत गेली होती. हा पंपच आदेश मिळूनही अडखळत होता.

"भियाता की काय तो?" बाबी कुबलने विचारलं. पाण्यात बुडी मारून पंपाच्या जाळीवरची कालवं खरवडणं हे त्याचं काम.

चारुशीलाने पंपाजवळची शेवटची पेटी उघडली आणि तिला हसू आलं. "बाबीदादा, तारेच्या टोकाला रेझिस्टरच नाही. संदेश टोकाशी येऊन मुरायला हवा. हा आपटून मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या शब्दांवर आदळतो. मग पंपाला धड काही ऐकूच येत नाही, बिचारा पुन्हा पुन्हा विचारत बसतो."

तिने दोन तारांच्या मध्ये रेझिस्टर कसला. पंप पहिल्याच आदेशाला सुरू झाला. तिने फोनवर कळवताच मुख्य अभियंता देवस्थळी खूश झाले. "शाब्बास, तेरसे! बाकीच्या केंद्रांतही हीच रड आहे. आजच सगळीकडे बसवायला सांगतो."

दुपारी बाबीने फोनवरून पंप थांबवला आणि पाण्यात उतरला. चारुशीला धक्क्यावर अवजारं आवरत होती. तेवढ्यात पंप घरघरला. वरच्या वाडीची टाकी रिकामी होत आली होती आणि तिच्या मॉड्यूलने पंपाला नवा आदेश देऊन पाणी मागितलं होतं. बाबीच्या कमरेला बांधलेली दोरी ताठ झाली. चारुशीलाने धावत जाऊन मुख्य स्विच खाली ओढला.

बाबी वर आला तो खोकतच. कोपरापासून बाही फाटली होती, हात रक्ताळला होता. "जाळीन हात ओढून घेतल्यान," तो धापा टाकत म्हणाला. "आधी असा कधी केल्यान नाय."

चारुशीलाने त्याचा हात बांधला आणि पंपाच्या मॉड्यूलची स्मृती उघडली. बिघडलेले आदेश पडताळता पडताळता पंपाला एक सवय जडली होती. सुरू होण्याआधी तो जाळीवरचा दाब बघायचा, तिथे काही आहे का ते चाचपायचा. माणूस असला तर थांबून राहायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आज मात्र आदेश इतका स्वच्छ आला, की शंका घ्यायला जागाच उरली नाही आणि त्याने जाळी चाचपलीच नाही.

तिने घाईघाईने फोन लावला. "साहेब, रेझिस्टर बसवू नका, थांबवा सगळ्यांना!"

"अगं, बहुतेक ठिकाणी बसलेसुद्धा. पंप झकास चाललेत."

"मग आधी विचारा, पाण्यात कोण कोण उतरलंय?"

देवस्थळी हळूच म्हणाले, "उतरणारे फक्त पंपाला कळवतात, चारुशीला. आपल्याला कोण सांगणार?"