बोट ठेवलं की उजाडतं

“ओ, चेक्सचा शर्ट! हलू नका... आहात तिथेच थांबा.”

तो दचकून रंगमंचाच्या मधोमध थबकला. सदाशिव पेठेतल्या त्या छोट्या नाट्यगृहात मी वरच्या केबिनमधून दिवे लावून बघत होते. ज्याच्यावर प्रकाश टाकायचा तो आमचा नट नेहमीप्रमाणे उशिरा येणार होता.

“रणजितला शोधतोय,” डोळ्यांवर हात धरून तो म्हणाला. “माझा रूममेट. तुमच्या नाटकात हाय तो.”

“तो आला असता, तर तुम्हाला कशाला उभं केलं असतं? हनुवटी जरा वर.”

त्याने निमूटपणे वर केली. मी संध्याकाळचा प्रकाश हळूहळू चढवला... आणि तो स्वतःच्याच तळहातांकडे बघत राहिला.

“आयला,” तो पुटपुटला, “ही तर आमच्या रानातली संध्याकाळ हाय!”

मी कौतुकाला भुलत नाही. पुण्यात ते मिळतंच कुठे म्हणा! पण त्या दिवशी भुलले.

त्याचं नाव पृथ्वीराज, गाव लोणी काळभोर, आणि काम वेबसाइट बनवायचं. मला नेमकी तीच हवी होती. मुंबईतली एक संस्था दरवर्षी मोजक्या जणांना प्रकाशयोजना शिकवायला घेते. त्यांना आपल्या कामाची वेबसाइट पाठवावी लागते. गेल्या वर्षी त्यांनी मला नाकारलं होतं, आणि यंदाची संधी शेवटची होती, कारण पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसणार नव्हते.

माझ्या कामाचे फोटो बघून पृथ्वीराजने डोकं खाजवलं. एकतर काळेकुट्ट, नाहीतर फ्लॅशने पांढरेफटक.

“दिवा चढतो कसा, तेच नाही यात,” तो म्हणाला. “आपण पान काळंच ठेवू. बघणाऱ्याने बोट ठेवलं की उजाडेल.”

“आणि उजाडणार कोणावर? ती नाटकं तर केव्हाच संपली.”

“दिवे पुन्हा लावा की. मी बसतो खुर्चीत.”

“फुकट?”

“चहावर... बिस्किटं तुमच्या मर्जीवर.”

रविवारी रिकाम्या रंगमंचावर एक खुर्ची, खुर्चीत तो, समोर स्टँडवर कॅमेरा. मी एकेक नाटक पुन्हा उजळत गेले. इस्पितळातली पहाट, तुरुंगाची खिडकी, लग्नघरातली दुपार... सगळं त्याच्या एका चेहऱ्यावर. शेवटी उगाच एक दिवा लावला, फार सावकाश. तो वर बघून हसला आणि माझा हात बटणावरच राहिला.

“हा कुठल्या नाटकातला?”

“आहे एका...” मी म्हणाले, आणि घाईघाईने वायरी गुंडाळायला घेतल्या.

चार दिवसांनी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. काळं पान. मी भीतभीत बोट ठेवलं. आधी राखाडी छटा उमटली, मग कोवळी पिवळी, आणि अंधारातून पहाट सरकत सरकत त्याच्या कपाळावर आली. मी थक्क झाले. इतकी वर्षं मी रंगमंच केबिनमधून, प्रेक्षकांच्या पाठींवरूनच पाहिला होता. त्यांना समोर काय दिसतं, ते मला आज दिसलं. डोळे भरून आले आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

“शेवटच्या दिव्याला नाव नाही दिलं तुम्ही,” तो हळूच म्हणाला. “काढून टाकू?”

माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात सुंदर काम होतं, हे मला कळत होतं. ठेवलं, तर कोणीतरी विचारणार, हेही कळत होतं.

“राहू दे.”

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. नाट्यगृहातलं नेट ऐनवेळी गेलं, म्हणून पृथ्वीराज आपल्या मोबाइलचं नेट देऊन लॅपटॉपच्या मागे बसला होता. निवड समितीच्या पूर्णिमाबाईंनी चष्मा वर सरकवला.

“बाकी सगळ्यांखाली नाटकाचं नाव आहे. शेवटचा प्रकाश कुठल्या नाटकातला?”

खोटं नाव सांगणं सोपं होतं. पण त्या दिव्याबद्दल खोटं बोलायला जीभच वळेना.

“नाटकातला नाही,” मी म्हणाले. “खुर्चीतला माणूस मला आवडतो... म्हणून प्रकाश तसा पडला.”

लॅपटॉपमागे पृथ्वीराज आ वासून माझ्याकडे बघत होता. पूर्णिमाबाईंनी समोरच्या कागदावर खूण केली.

“बाकीचे दिवे चांगले आहेत,” त्या म्हणाल्या, “पण तुम्हाला घेतोय ते या एका दिव्यासाठी. त्यांना सांगितलंय का हे?”

“नव्हतं सांगितलं,” मी म्हणाले. “आत्ताच ऐकलं त्यांनी.”