उजव्या बाजूची गिटार

कूह्मो शहर सोडून जंगलातून अर्धा तास गाडी हाकली की आमचं गाव लागतं. गाव म्हणजे एक तळं, एक पेट्रोल पंप आणि एक बंद पडलेली शाळा. पोरंच उरली नाहीत, तेव्हा नगरपालिकेने शाळा विकायला काढली आणि मी ती घेऊन तिचा स्टुडिओ केला. व्यायामाच्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारी, मास्तरांच्या खोलीत माझी यंत्रं, मध्ये जाड काच. स्वयंपाकघर होतं तसंच ठेवलं, कारण रेकॉर्डिंगला येणारी माणसं वाजवतात कमी आणि कॉफी पितात जास्त. "साठी उलटली हिल्का, आता पुरे कर हा गोंगाट," असं माझी बहीण दर नाताळला म्हणते. मी तिला सांगते, गोंगाट तुझ्या नवऱ्याच्या घोरण्यात आहे, हे मेटल संगीत आहे.

तार्मो हुओतारी जंगलात झाडं कापायचं यंत्र चालवतो आणि साम्प्सा घराघरांची धुराडी साफ करतो. एक गिटार वाजवतो, दुसरा ड्रम. दोघांची जोडी शाळेपासूनची. त्यांचं संगीत म्हणजे ब्लॅक मेटलचा गारठा, डेथ मेटलचा दणका, आणि वर हिशेब इतका काटेकोर की एका ओळीत सात मात्रा तर पुढच्या ओळीत अकरा. बोट जरासं मागे राहिलं तरी सगळं कोसळतं. कित्येक हिवाळे खपून तार्मोने या अल्बमची सात गाणी रचली होती. विषय आकाशातला होता. एक जळता तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा त्याचा काळा सोबती. सोबती कोणाला दिसत नाही, पण ताऱ्याचं तेज थराथराने ओढून घेत राहतो. दर गाण्यात एक थर जातो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मेटलमध्ये गिटार दोनदा वाजवतात. एकदा डाव्या स्पीकरसाठी, आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून उजव्या स्पीकरसाठी. वाजवणारा तोच, बोटं तीच, पण माणूस दोनदा अगदी सारखं वाजवू शकत नाही. त्या केसभर फरकामुळेच दोन्हीकडून आवाजाची भिंत उभी राहते. आळशी लोक डावीची नक्कल उजवीकडे चिकटवतात. मग आवाज मधोमध येऊन बसतो आणि भिंत राहत नाही. तार्मोच्या दृष्टीने तर ती चोरीच. त्याने ठरवूनच टाकलं होतं, डावी गिटार म्हणजे तारा आणि उजवी म्हणजे सोबती.

डावी बाजू सातही गाण्यांची झाली. आणि मग त्याचा हात गेला.

दुखत नव्हता, सुजला नव्हता. गिटारीच्या तारा दाबायच्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली. गिटार खाली ठेवली की सरळ, उचलली की पुन्हा मूठ. ओउलू शहरातल्या डॉक्टरणीने सांगितलं, वाजवणाऱ्यांना होतं असं, औषध नाही. साम्प्सा म्हणाला, "अरे, उजवी बाजू कोणाकडून तरी वाजवून घेऊ की. कायानी गावचा तो गिटारवाला पोरगा फुकट वाजवेल."

"माझी बायको पण त्यालाच दे मग," तार्मो म्हणाला.

"मी जाईन की," आतून सिर्पा ओरडली. "तो भांडी तरी घासत असेल!"

सिर्पा ही तार्मोची बायको. तिची नजर बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. ती रोज त्याच्याबरोबर यायची, स्वयंपाकघरात विणत बसायची, वेलदोड्याचे गोड पाव भाजायची. तार्मो कुठे आहे, चिडलाय की खुशीत आहे, हे तिला त्याच्या आवाजांवरून कळायचं. बूट काढताना भिंतीवर टेकायचा तो आवाज, नाक ओढणं, कपात चमचा फिरवणं. एकदा मला म्हणाली, "तुमच्याकडे त्याचा चेहरा आहे ना? माझ्याकडे हे आहे. चेहऱ्यापेक्षा बरं, अंधारातही चालतं."

मार्चमधली सकाळ होती. बाहेर ऊन इतकं लख्ख की बर्फाकडे बघवत नव्हतं. तार्मो हॉलमध्ये एकटा बसून पहिल्या गाण्याची उजवी बाजू वाजवायचा प्रयत्न करत होता. हेडफोनमध्ये त्याचीच डावी बाजू, समोर अँप्लिफायर, त्याच्यापुढे माइक. चार ओळी झाल्या की बोटं मिटायची. पुन्हा सुरू, पुन्हा मूठ. शेवटी त्याने गिटार खुर्चीवर ठेवली आणि बाहेर आला. सिर्पाने कॉफीला हाक मारली आणि मीही उठले. रेकॉर्डिंग बंद करायला मी विसरले. इतक्या वर्षांत हे मी कधी विसरले नव्हते.

कॉफी पिऊन आलो तर उजव्या बाजूला अख्खं गाणं भरलेलं होतं.

मी ते लावलं. एकही चूक नाही. साम्प्सा म्हणाला, "डावीकडचाच आवाज माइकमध्ये शिरला असेल, दुसरं काय." मला ते पटण्यासारखं होतं. पडताळायची साधी रीत आहे. आवाजाची एक लहर उलटी करून दुसरीवर टाकायची. नक्कल असेल तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि शांतता उरते. मी टाकली. शांतता नाही उरली. तेच गाणं, पण वेगळ्या वेळी वाजवलेलं. वळणाआधी जराशी घाई करायची तार्मोची खोड, तीही त्यात होती. आणि तार्मो तर आमच्यासमोर पाव खात बसला होता.

"माझंच आहे ते," तार्मो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मी असंच वाजवलं असतं."

साम्प्साने ते पुन्हा एकदा ऐकलं. मग म्हणाला, "चला, अजून एक कॉफी घेऊ. बघू, दुसरं गाणं पण होतंय का."

त्या संध्याकाळी ते घरी निघाले. मार्चमध्ये दिवसा वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फावर पाय ठेवला की करकर वाजतं, शेजारच्या घरात ऐकू जातं. साम्प्साची पावलं वाजली, सिर्पाची काठी वाजली. तार्मो त्यांच्या बरोबरीने चालत होता. सिर्पा थांबली. "तार्मो? कुठे राहिलास?"

"इथेच आहे की, तुझ्या बाजूला."

"मग चोरासारखा काय चालतोस!"

ते हसले. मी दारात उभी होते आणि मला काही हसू आलं नाही. कान हे माझं पोट भरायचं साधन आहे. तार्मोच्या बुटांखाली बर्फ फुटताना मी डोळ्यांनी पाहिला, पण आवाज आला नाही.

पुढची गाणीही तशीच झाली. यंत्र चालू ठेवायचं, गिटार खुर्चीवर ठेवायची आणि सगळ्यांनी बाहेर जायचं. काचेतून कोणी बघत बसलं तर काहीच व्हायचं नाही. मी एकदा दोन तास बसून पाहिलं, नुसती खुर्ची आणि गिटार. उठून कपात साखर घातली आणि परत आले, तर गाणं तयार.

आणि तार्मोचा एकेक आवाज जात होता. आधी पावलं. मग खुर्ची सरकवणं, चमचा, दार लावणं. मग खोकला. सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, तापल्या दगडांवर तो पाणी टाकायचा, वाफ यायची, पण दगड चरचरायचे नाहीत. साम्प्साने टाकलं की चरचरायचे. चौथ्या गाण्याच्या उजव्या बाजूला, दोन सुरावटींच्या मधल्या फटीत, मला कडक बर्फावरची पावलं ऐकू आली. मी ती काढून टाकायला गेले, तर हात पुढे होईना.

सहावं गाणं झालं त्या दिवशी साम्प्सा तार्मोला घेऊन लाकडं आणायला गेला आणि सिर्पा माझ्यापाशी येऊन बसली. विणकाम आणलं नव्हतं.

"हिल्का, तो घरात नसतोच गं."

"म्हणजे?"

"असतो. बोलतो, तेव्हा असतो. बोलायचा थांबला की कोणीच नसतं. काल मला जाग आली, मला वाटलं मी एकटीच आहे. हात लावला तर शेजारीच होता. श्वास घेत होता, छाती वरखाली होत होती. आवाज नाही." तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. "आता फक्त त्याचा बोलण्याचा आवाज उरलाय. तो नको जाऊ देऊस. तुझ्या पाया पडते."

मी तार्मोला अंगणात गाठलं. सरळच बोलले. "शेवटचं गाणं होणार नाही. माझी यंत्रं, माझी शाळा, माझं वीजबिल. सहा गाण्यांवर अल्बम काढ."

"सातव्यात तारा विझतो, हिल्का. त्याच्याशिवाय अल्बमला अर्थ काय?"

"आणि सिर्पा?"

तो आपल्या मिटलेल्या बोटांकडे बघत राहिला. "या हाताने मी पुन्हा काही वाजवणार नाही. हे एवढंच मागे राहणार आहे माझं. आणि तिला हात लावला की कळेलच ना तिला मी आहे म्हणून."

"गाढवा, ती तुला ऐकून जगते!"

मग तो रडला. तोंड उघडं, खांदे हलत होते, आवाज नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बरं. नाही करत." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. स्टुडिओची किल्ली त्याच्याकडेही होती, ती मागून घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. आमच्याकडे अशा किल्ल्या मागायची पद्धत नाही.

रविवारी दुपारी मी तळ्याच्या मध्यावर, बर्फाला भोक पाडून, गळ टाकून बसले होते. वारा नव्हता. शाळेच्या बाजूने गिटार ऐकू आली.

सातवं गाणं.

मी उठून वळले.

तार्मो माझ्या मागे उभा होता. दोन हात अंतरावर, रिकाम्या हातांनी, टोपी काढलेली. केव्हा आला, किती वेळ उभा होता, काही कळलं नव्हतं.

"मी चालू करून बाहेर आलो," तो म्हणाला. "राहवलं नाही."

"बंद कर जा! पळ!"

"सिर्पाला सांग, मी तिला..."

इथवर मी ऐकलं. त्यापुढे त्याचा आवाज बारीक होत गेला, रेडिओचं बटण कोणी फिरवत न्यावं तसा. शाळेतली गिटार मात्र वाढत गेली.

त्याचे ओठ हलत राहिले.

मी शाळेकडे धावले. दोनदा पडले. पोचले तेव्हा गाणं संपलं होतं आणि गिटार खुर्चीवर होती.

अल्बम शरद ऋतूत निघाला. पुसून टाकावा असं मला हजारदा वाटलं, पण तार्मो जे होता ते आता तिथेच होतं. ते कसं पुसायचं? जगभरच्या मासिकांनी उजव्या बाजूच्या गिटारीचं खास कौतुक केलं. जिवंत वाटते, असं एकाने लिहिलं. साम्प्साने ड्रम विकून टाकले.

मी हुओतारींकडे जायचं टाळत होते. शेवटी पहिला बर्फ पडायच्या आधी गेले. वाटलं होतं सिर्पा खचलेली असेल. तिने हसत दार उघडलं, टेबलावर तीन कप मांडले. तार्मो तिच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी समोर बसले. सिर्पाच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती.

सिर्पाने कॉफी ओतली आणि एक कप रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला. "घे, गरम आहे," ती तिकडे तोंड करून म्हणाली. मग जरा थांबून खळखळून हसली. "हिल्का, ऐकलंस का काय म्हणतोय ते? आणि किती भुरके मारतोस रे, पाहुणे आलेत!"

मी काही ऐकलं नव्हतं. कपाला कोणी हात लावला नव्हता.

तार्मोने हळूच आपला हात तिच्या हातावर ठेवला. तिने दचकून हात काढून घेतला.

"अगंबाई, हिल्का, किती गार हात गं तुझे!"

माझे हात माझ्या मांडीवर होते.

तार्मोने माझ्याकडे पाहिलं. मग तो उठला. खुर्ची मागे सरकली, पायांखाली लाकडी जमीन दबली, कशाचाही आवाज झाला नाही. तो टेबलाला वळसा घालून गेला आणि तिच्या उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीवर, त्या कपासमोर, बसला.

सिर्पा बोलता बोलता थांबली. मान कलती करून तिने क्षणभर कानोसा घेतला.

मग ती डावीकडे वळली. "तिकडे का जाऊन बसलास?" तिने विचारलं, आणि कप उचलून तार्मोने नुकत्याच सोडलेल्या खुर्चीपुढे ठेवला.