व्हर्लीनला पेलवेल असं

"हेही जडच आहे गं." व्हर्लीन काउंटरवरून इतकी वाकून पुटपुटली की तिच्या केसांवरच्या स्प्रेचा वास माझ्या नाकात गेला. "हलकं हलकं म्हणून काय विकता तुम्ही लोक, कोण जाणे."

तिच्या तळहातावर एक रिकामं, खिशात मावणारं पिस्तूल होतं. पत्त्यांच्या जोडाएवढं, चपटं, अर्धंअधिक प्लास्टिकचं. मी ते तिच्याकडून घेतलं, वरचा भाग मागे ओढून नळी रिकामी असल्याची पुन्हा खात्री केली आणि खिळे तोलायच्या काट्यावर ठेवलं. काटा जेमतेम हलला.

"एवढ्या वजनाची तर तुझी किल्ल्यांची जुडी असेल," मी म्हटलं.

"काट्याला काय कळतंय, लूएला? ते घेऊन काट्याला दिवसभर फिरायचंय का?"

आमचं दुकान पायनी क्रीक ओढ्याच्या वळणावर आहे. पुढे गळाला लावायची गांडुळं, बूट, बायकांनी करून दिलेले जॅम. मागच्या काउंटरवर बंदुका. तो काउंटर माझ्या भावाचा, रॉयसचा. पण बायका माझ्याकडे येतात, कारण रॉयस त्यांना गुलाबी मुठीचं काहीतरी दाखवतो. मी आधी विचारते, की बाई, तुझ्या अंगावरच्या कपड्यांना खिसे तरी आहेत का? मग रिकामं पिस्तूल कातडी कव्हरात घालून त्यांच्या खिशात सरकवते आणि दुकानात एक चक्कर मारायला लावते. बसा, वाका, बुटाची नाडी बांधा. कुठे टोचलं, कुठे फुगवटा दिसला, तर ते तुमचं नाही.

व्हर्लीनने या पानगळीत अशा कितीतरी चकरा मारल्या. दर वेळी नवीन न्यायची, आठ-पंधरा दिवसांत परत आणायची. आधी म्हणाली, जॅकेट एका अंगाला ओढतं. मग पर्सचा पट्टा तुटला. चांगला जाड, शिवलेला पट्टा, शिवणीतून उसवून आला होता. नंतर उजवा खांदा उतरला. खरंच उतरला, चर्चमध्ये मागच्या बाकावरून मला तो दिसायचा.

"मग बाळगूच नकोस काही दिवस," एकदा मी धीर करून म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आणि लोक काय म्हणतील? आताच का सोडलं, असं नाही विचारणार?"

यावर मी जॅमच्या बाटल्या सरळ करायला लागले.

कारण टकर गेला त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. टकर तिचा नातू, तिच्या लेकीचा, चार्लाचा, एकुलता एक. अजून शाळेतही जायला लागला नव्हता. रविवारी आजीच्या घरी गोळी सुटली. आजोबांचं, म्हणजे हार्लनचं, जुनं रिव्हॉल्व्हर कपाटात होतं, कपाटाला कुलूप नव्हतं, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. हार्लनने मान खाली घालून ते ऐकून घेतलं. चार्ला त्या दिवसापासून बापाशी बोललेली नाही. आम्ही सगळ्यांनी झाकलेल्या पातेल्यांतून जेवण पोचवलं आणि कपाटांना कुलूप लावण्याबद्दल हळहळलो.

फक्त एवढंच, की हार्लनचं ते रिव्हॉल्व्हर त्या रविवारी आमच्या दुकानात होतं. घोडा अडकत होता म्हणून दुरुस्तीला आलेलं. रॉयसला ते माहीत होतं, मलाही होतं. नंतर हार्लन येऊन गुपचूप घेऊन गेला. आम्ही तिघं हवापाण्याबद्दल बोललो. आणि त्या दिवसापासून रॉयस गिऱ्हाइकाला एक वाक्य म्हणायचा थांबला. पूर्वी प्रत्येकीला म्हणायचा, व्हर्लीनलाही म्हणाला होता, "हे घे बाई, जवळ आहे हेसुद्धा विसरशील."

नोव्हेंबरात एका दुपारी ती चार्लाला घेऊन आली. स्वतःला गाडी चालवणं जमेना, खांदा वर होत नव्हता. मी आमच्याकडचं सगळ्यात हलकं पिस्तूल काढलं. याहून हलकं म्हणजे खेळण्यातलंच. तिने ते घेतलं आणि तिचा हात काउंटरच्या काचेवर आदळला.

"नाटकं नको, आई," चार्ला म्हणाली.

"तू धर."

चार्लाने दोन बोटांत उचललं. "पिसासारखं तर आहे."

तिने ते आईच्या तळहातावर परत दिलं, आणि ठेवायला म्हणून मी ते व्हर्लीनच्या हातून घेतलं. तिची बोटं माझ्या बोटांवर असेपर्यंत ते जड होतं. लोखंडासारखं नव्हे, झोपलेलं माणूस उचलताना लागतं तसं, सैल आणि ऊबदार. तिने बोटं काढली आणि माझा हात रिकामा असल्यासारखा वर उडाला.

मी काचेवरचे तिच्या बोटांचे ठसे पुसले. अशा पुसण्यात मी आता तरबेज होते.

"हेच देते," मी म्हटलं. "पण गाडीत बसून बघू. सीटचा पट्टा बांधल्यावर पिस्तुलापर्यंत हात पोचतो का ते."

बाहेर ऊन होतं, ओल्या पानांचा वास होता. चार्ला स्टिअरिंगशी बसली. व्हर्लीनने ते रिकामं पिस्तूल घातलेली पर्स शेजारच्या सीटवर ठेवली आणि दाराशी उभी राहून उजवा खांदा चोळू लागली. चार्लाने गाडी सुरू केली.

टिंग. टिंग. टिंग.

"आई, पट्टा."

"मी अजून बसलेच नाही."

पट्टा न बांधलेलं माणूस सीटवर असलं की वाजते ती घंटी. चार्लाने पर्स उचलली, घंटी थांबली. ठेवली, वाजायला लागली.

"काय दगड भरलेत?" तिने पाकीट काढलं, चष्मा काढला, रुमाल काढला. आत पिस्तूल तेवढं राहिलं.

टिंग. टिंग.

"बिघडलंय वाटतं," मी म्हटलं. माझाच आवाज मला पटला नाही. सीटची गादी खाली दबली होती. पर्सच्या मागे, पाठीला टेकून बसावं तिथे.

चार्लाला ते दिसलं की नाही, माहीत नाही. तिने वळून न बघता हात लांब केला, पट्टा ओढला, आडवा घेतला आणि खटकन अडकवला. आईचा हात जसा सवयीने जातो, तसा.

घंटी थांबली.

पट्टा पर्सवर पडला नाही.

पर्सच्या वर, वीतभर अंतरावर, तो ताणलेला होता. गोलसर वळण घेऊन. आणि ते वळण हळूच फुगत होतं, हळूच बसत होतं.

चार्लाचा हात तसाच खटक्यावर राहिला.

व्हर्लीन दाराला धरून खाली वाकली. लेकीकडे नाही, सीटकडे बघत म्हणाली,

"कपाटातलं नव्हतं ते, चार्ला. तुझ्या बाबांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. पिस्तूल माझ्या पर्समध्ये होतं. मी पेपरमिंट ठेवते ना त्याच्यासाठी, त्याच कप्प्यात. आणि मीच त्याला म्हटलं, जा, तुझं तू काढून घे."